वाचकांचे प्रश्न : कातळ श्वास आत घेतो तेव्हा

दोन अंकांपूर्वी या पानावर मी ज्वालामुखीच्या खडकांनी घडलेल्या किनाऱ्यांवर एक टिपण लिहिलं होतं. त्यात ब्लोहोलला जेमतेम चार ओळी मिळाल्या होत्या: किनाऱ्यावरच्या कातळाला पडलेलं भोक, खाली समुद्राने कोरलेली गुहा, लाट गुहेत घुसली की भोकातून पाण्याचा फवारा, आणि जवळ जाऊ नका ही सूचना. लाव्हाच्या प्रकारांवर दीड पान खर्ची घातलं होतं, त्यावर एकही पत्र नाही. या चार ओळींवर मात्र गठ्ठा आला. तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, तेव्हा वर्गातही हेच व्हायचं. फळ्यावरचं कोणी उतरवून घ्यायचं नाही आणि जाता जाता सांगितलेल्या गोष्टीवर मुली मधली सुट्टी संपेपर्यंत पिच्छा पुरवायच्या. तर आजचं सगळं पान ब्लोहोलला.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको वाट वाकडी करून खास ब्लोहोल बघायला गेलो. भरतीचं वेळापत्रक पाहून अगदी पूर्ण भरतीच्या मिनिटाला हजर होतो. तासभर उभे राहिलो, पण भोकातून नुसतं फुस्स. पाणी हातभरही उडालं नाही. आमचं काय चुकलं?

चुकलं काही नाही, तुम्ही अर्धंच बघून निघालात. भरती म्हणजे पाण्याची पातळी. फवारा उडवते ती लाट, आणि त्या दिवशी लाट येईल की नाही हे भरतीच्या कोष्टकात लिहिलेलं नसतं.

पातळीला महत्त्व आहे ते गुहेच्या तोंडापुरतं. पाणी फार खाली असेल तर लाट बाहेरच्या खडकांवरच फुटते, आत पोचते ती नुसती फेसाळ. पाणी फार चढलं आणि गुहेचं तोंड खोल बुडालं, तर आतलं पाणी पाळण्यासारखं वरखाली होत राहतं, जोराचा दणका बसतच नाही. मधली एक पातळी अशी असते की प्रत्येक लाट गुहेच्या तोंडावर बूच बसवल्यासारखी बसते आणि आतली हवा कोंडली जाते. ती पातळी पूर्ण भरतीची असेल असं नाही. काही ठिकाणी ती भरतीच्या आधी दीड-दोन तास येते, काही ठिकाणी अर्ध्या ओहोटीला. हे पुस्तकातून कळत नाही. त्या गावातल्या मासे पकडणाऱ्याला विचारावं, तो एका वाक्यात सांगतो. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, एवढं धरून पुढच्या दोन-चार दिवसांचा हिशेब आपला आपण करता येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पातळी जास्त चढते, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या दिवसांत कमी. त्यामुळे आठवड्याच्या अंतराने तेच भोक अगदी वेगळं वागतं.

आता लाट. सर्फिंग करणाऱ्यांसाठी जे अंदाज निघतात ते उघडलेत तर तीन आकडे दिसतील: लाटेची उंची, दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत, आणि दिशा. बहुतेक जण उंची बघून बंद करतात. मी दुसरा आकडा आधी बघते. 7 सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल समुद्रात 75 मीटरच्या आसपास असते. 14 सेकंदांनी येणारीची 300 मीटरच्या वर. सेकंद दुप्पट, लांबी चौपट. जवळच्या वाऱ्याने उठवलेली आखूड लाट किनाऱ्यावर नुसती कटकट करते. हजारो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेली लांब लाट, जिला खलाशी स्वेल म्हणतात, ती दिसायला निवांत असते, पण तिच्या पोटात खोलवर पाणी हलत असतं. गुहेत शिरते ती पूर्ण वजनानिशी. तुम्ही गेलात त्या दिवशी कदाचित समुद्रावर फेसाळ लाटांचे भरपूर पांढरे घोडे उड्या मारत असतील आणि तरी भोक झोपलेलं असेल. कारण हे.

तिसरा आकडा, दिशा. तिच्यापायी मीही फसले आहे, तेव्हा सांगतेच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर कियामा नावाचं गाव आहे. तिथलं ब्लोहोल जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. जॉर्ज बास हा जहाजावरचा शल्यवैद्य सहा खलाशांना घेऊन एका वल्ह्यांच्या होडीतून 1797 च्या डिसेंबरात तिथे पोचला होता आणि त्याने त्याच्या भयंकर आवाजाची नोंद केली आहे. मी हे सगळं वाचून, टिपणवही घेऊन, छाती फुगवून गेले. कठड्याशी उभी राहिले. खाली मोठा काळा खड्डा, त्यात हिरवट पाणी पेंगत होतं. अधूनमधून कोणीतरी झोपेत कूस बदलावी तसा हुंकार यायचा, बस. शेजारी एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, ते म्हणाले, आज समुद्र ईशान्येचा आहे, याला आग्नेयेचा लागतो, धाकट्याकडे जा. दक्षिणेला थोड्या अंतरावर एक लहान ब्लोहोल आहे, त्याचं तोंड वेगळ्या बाजूला वळलेलं. गेले. तिथे दर पंधरा-वीस सेकंदांनी शीळ आणि पाठोपाठ पांढरी सरळसोट धार. माणसं हसत होती, पोरं किंचाळत होती. एकच समुद्र, एकच दुपार, पण थोरल्याच्या दारावर लाट तिरकी येत होती आणि धाकट्याच्या दारावर समोरून.

तेव्हा पुढच्या खेपेला त्या ठिकाणी कुठल्या दिशेची लाट लागते हे आधी विचारून ठेवा, दोन दिवस हाताशी ठेवा, आणि पोचल्यावर तासभर नाही, दोन तास द्या.

प्रश्न : मी सातवीत आहे. भोकातून पाणी यायच्या आधी मोठा आवाज का येतो? आणि गुहेत तर पाणी असतं, मग हवा कुठून येते?

अगं, सगळ्यात चांगला प्रश्न तुझाच आहे, आणि त्याचं उत्तर तू बादलीत बघू शकतेस. एक मोठी प्लास्टिकची बाटली घे, झाकण काढून टाक, बूड मोठ्या माणसाकडून कापून घे. बादली पाऊण भर. बाटली तोंड वर करून उभी धर आणि कापलेली बाजू पाण्यात हळू उतरव. बाटलीच्या तोंडावर गाल आणलास तर वारा लागेल. पाणी खालून चढतंय आणि आतल्या हवेला जायला तेवढं एकच दार आहे. आता गाल बाजूला घे आणि बाटली एकदम खाली दाब. आधी फूऽ, मग पाण्याची धार उसळेल आणि घरचे ओरडतील.

गुहेत हेच होतं. दोन लाटांच्या मधल्या वेळात गुहेतलं पाणी उतरतं आणि वरच्या भोकातून, पुढच्या तोंडातून हवा आत येऊन बसते. पुढची लाट येते, तोंड बुजवते, हवा दाबली जाते. मोठ्या पोटातली हवा लहान भोकातून निघायला बघते म्हणून तिचा वेग वाढतो. ती कातळाच्या कडांना घासत निघते, तो तुझा आवाज. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारलीस तर जो घुमतो, त्याचा हा थोरला भाऊ. हवेच्या मागोमाग पाणी. खरं तर पुष्कळदा पाण्याची अखंड धार येतच नाही. हवेने फोडलेले थेंब येतात, म्हणून फवारा दुधासारखा पांढरा दिसतो.

आता प्रयोगाचा दुसरा भाग, जो कोणी करत नाही. बाटली पाण्यात असतानाच तोंडाजवळ टिश्यू पेपरची पातळ पट्टी धर आणि बाटली झटकन वर ओढ. पट्टी आत ओढली जाईल. खऱ्या ब्लोहोलपाशी गेलीस की हाही आवाज ऐक. फवारा खाली कोसळला की लगेच घशात अडकल्यासारखा खरखरीत आवाज येतो. तो कातळाने आत घेतलेला श्वास. मोठी माणसं तेव्हा मोबाइलमध्ये फोटो कसा आला ते बघत असतात. तू ऐक.

प्रश्न : ज्वालामुखीचा किनारा आहे म्हणजे पाणी गरम असणार. भाजण्याची भीती असते का? आयुष्यात एकदा गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं उकळत्या पाण्याचं कारंजं, बघायचा होता, तो यात बघून होईल का?

नाही, गीझर वेगळा. गीझरमध्ये जमिनीखालची उष्णता पाणी उकळवते, आणि पाणी पुन्हा तापायला लागेल तेवढा वेळ थांबावं लागतं. ब्लोहोलमधलं पाणी समुद्राइतकंच थंड, आणि त्याचं घड्याळ म्हणजे लाट. इथे ज्वालामुखीचं काम फक्त गवंड्याचं. कियामाचा खडक 25 कोटी वर्षांहून जुना आहे, तिथला ज्वालामुखी कधीच विझून गेला. त्याने मागे ठेवलं ते बांधकाम.

बांधकामही मुख्यतः दोन तऱ्हांचं. लाव्हाचा ओघळ वरून थिजतो, साय धरावी तसा, आणि आतून पातळ लाव्हा वाहत राहतो. तो वाहून गेला की मागे पोकळ नळी उरते. हवाईच्या ओआहू बेटावरचं हालोना ब्लोहोल अशाच नळीतून फुंकतं. दुसरी तऱ्हा म्हणजे जाड थर थंड होताना आकसून त्याला उभ्या भेगा पडतात. लाटा वर्षानुवर्षं त्या भेगांत पाचर ठोकतात. खालून गुहा वाढत जाते आणि एक दिवस छताला भोक पडतं. त्या अंकात लाव्हाच्या प्रकारांवर दीड पान होतं ते यासाठी होतं, पण असो.

प्रश्न : तुमच्या लेखातलं ‘जवळ जाऊ नका’ वाचून हसू आलं. आम्ही गेलो तेव्हा दहा-बारा जण अगदी भोकाच्या काठावर उभे राहून भिजत होते, कोणाला काही झालं नाही. काठावरचा कातळ तर कोरडा ठणठणीत होता. अनुभवी माणसाने वाचकांना असं घाबरवावं का?

हसा, पण उत्तर पूर्ण वाचा. हवाईच्या माऊई बेटावर नाकालेले नावाचं ब्लोहोल आहे. 2011 च्या जुलैत एक पर्यटक असाच काठाजवळ फवाऱ्यात भिजत होता. मजेत होता, बघणारेही मजेत होते. लाटेने त्याला पाडलं आणि परतणाऱ्या पाण्याने भोकात ओढून नेलं. तो पुन्हा सापडला नाही. त्याच्याही आधी त्या दिवशी कोणाला काही झालं नव्हतं.

तुमचं पत्र मला मोलाचं वाटलं ते ‘कोरडा ठणठणीत’ या दोन शब्दांसाठी. ओला खडक एक गोष्ट नक्की सांगतो की समुद्र आज इथवर आला होता. कोरडा खडक काहीच सांगत नाही. काळा कातळ उन्हात तव्यासारखा तापतो, त्यावरचं पाणी काही मिनिटांत उडून जातं. मग खालच्या खुणा बघाव्या लागतात. कातळाच्या खळग्यांत वाळलेल्या मिठाची पांढरी किनार आहे का? असेल तर तिथवर पाणी येतं. साठलेल्या पाण्याच्या डबक्यात बोट बुडवून जिभेला लावा. खारट लागलं तर ते पावसाचं नव्हे. गवत कुठून सुरू होतं? ज्या रेषेच्या खाली गवताची काडी तग धरत नाही, त्या रेषेच्या खाली मी मुक्काम करत नाही. आणि काळसर, तेलकट चमक असलेला पट्टा दिसला तर ते शेवाळ. त्यावर चांगल्या बुटांचंही काही चालत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. एका बेटावर, जागेचं नाव नको, कुंपण नव्हतं आणि पाटीही नव्हती. मी आणि एक सहकारी मोजमाप घ्यायला गेलो होतो. भोकापासून चांगली वीस पावलं लांब, कोरड्या सपाट कातळावर मी चपला काढून ठेवल्या, पिशवी ठेवली आणि पाठ फिरवून कातळातल्या भेगांचं चित्र काढत बसले. अर्धा तास काही नाही. मग सहकारी ओरडला. मी वळून बघेपर्यंत घोट्याएवढं पाणी माझ्या पायांतून निघून गेलं होतं. फक्त घोट्याएवढं! जाताना काही वाटलं नाही, परत येताना त्याने पाय धरले. मी बसलेली होते म्हणून वाचले, उभी असते तर आडवी झाले असते. पिशवी एका खाचेत अडकली. डावी चप्पल मात्र भोकाच्या कडेपर्यंत गेली, तिथे क्षणभर गोल फिरली, मोरीत पाणी जाताना काडी फिरते ना, तशी, आणि खरखर आवाजासरशी आत गेली. पुढच्या पाच-सहा फवाऱ्यांत ती वर येईल म्हणून आम्ही दोघं मूर्खासारखे बघत उभे होतो. आली नाही. उजवी मी पुढे कित्येक वर्षं कपाटात ठेवली होती.

लोक भोकाला घाबरतात ते फवाऱ्यामुळे. फवाऱ्याने आपण पडतो, जबर मारही लागू शकतो. ओढतो तो पुढचा श्वास. उडालेलं पाणी, कातळावर पसरलेलं पाणी, सगळं उताराने त्याच भोकाकडे परतत असतं आणि त्याच वेळी गुहेतलं पाणी खाली उतरून हवा आत खेचली जात असते. आत गेलेला माणूस खाली अंधाऱ्या गुहेत पडतो आणि पुढची लाट आधीच निघालेली असते. काठावर उभं राहून भिजणारे चुकीच्या क्षणाची काळजी करत असतात, किंवा कसलीच करत नसतात.

आता तुमचे दहा-बारा जण. अंदाजात ‘लाटेची उंची 2 मीटर’ असं लिहिलेलं असतं, ती सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. सरासरी म्हणजे तिच्याहून मोठ्या लाटा आल्याच. 12 सेकंदांना एक धरली तर तासाला 300 लाटा. तीन-साडेतीन तासांत हजार होतात, आणि एवढ्या लाटांत एखादी त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघावी हा समुद्राचा नेहमीचा हिशेब आहे, चमत्कार नव्हे. ते लोक किती वेळ उभे होते, दहा मिनिटं? म्हणजे 50 लाटा. त्यांची लाट त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या वाट्याला गेली असेल किंवा रिकाम्या कातळावर आली असेल.

माझा नियम साधा आहे. कातळावर उतरायच्या आधी वरून किमान 20 मिनिटं बघायचं. लाटा टोळीने येतात. पाच-सहा मोठ्या, मग बराच वेळ शांतता, आणि लोक नेमके त्या शांततेत खाली उतरतात. उतरल्यावर समुद्राकडे पाठ नाही, आणि भोकाच्या समुद्राकडच्या बाजूला तर कधीच नाही. कुंपण असेल तिथे कुंपणाच्या आत. कोणी पडलंच तर मागून उडी मारू नये, म्हणजे एकाचे दोन होतात. तरंगणारं काही फेकावं, एकाने त्या माणसावरची नजर अजिबात हलवू नये, दुसऱ्याने मदत बोलवावी. त्या देशाचा आणीबाणीचा क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये ठेवावा.

घाबरवायचं नव्हतं. चप्पल गेली त्या दिवशी मी घाबरले होते, ते चार शब्दांत उरकलं, एवढीच माझी चूक.

प्रश्न : फोटो चांगला कसा यावा? माझ्या सगळ्या फोटोंत पांढरा ढग आहे.

मी काही फोटोग्राफर नाही, पण खडकांचे फोटो काढून काढून जे शिकले ते सांगते. फवाऱ्याचे थेंब वेगळे दिसायला हवे असतील तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, म्हणून मागे काळा कातळ किंवा निळं आकाश येईल अशी जागा धरा. फ्रेममध्ये एक माणूस लांब, सुरक्षित जागी उभा असू द्या, नाहीतर फवारा दोन फुटांचा की वीस मीटरचा हे घरी कोणाला कळत नाही. आणि बटण दाबायची वेळ डोळ्यांनी ठरवू नका, कानांनी ठरवा. शीळ सुरू झाली की दाबा. पाणी दिसल्यावर दाबलंत तर ढगच येणार.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी हवा आणि फार डोक्यावर नको. पूर्वेकडे तोंड करून असलेल्या किनाऱ्यावर दुपार कलल्यानंतर जा.

लेन्सवर खारे तुषार बसतातच. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं आधी, कोरडं नंतर. चष्म्यालाही हेच लागू.

प्रश्न : आम्ही एका व्हिडिओत पाहिलं, एक माणूस भोकात नारळ टाकतो आणि तो तोफेसारखा उडतो. आपण टाकून बघावं का?

तो बहुधा सामोआच्या सवाई बेटावरच्या अलोफाआगा ब्लोहोलचा व्हिडिओ. तागा गावाजवळ काळ्या लाव्हाच्या किनाऱ्यावर अशी भोकं ओळीने आहेत. तिथली माणसं नारळ टाकतात आणि तो खरंच आभाळात भिरकावला जातो. पण टाकणारा माणूस बघा. तो लाट मोजतो, वाऱ्याची बाजू बघतो, नारळ टाकतो आणि लगेच पळतो. लहानपणापासून त्याच कातळावर वावरलेला असतो. आपण पाहुणे. त्याला टाकू द्यावं आणि लांबून टाळ्या वाजवाव्यात. आपण टाकलेला नारळ कोणाच्या डोक्यात उतरेल याचा भरवसा नाही. आणि प्लास्टिकची बाटली तर कुठल्याच भोकात नको. माझी चप्पल आधीच आहे समुद्रात, तेवढं पाप पुरे.

प्रश्न : ब्लोहोल कायम तसंच राहतं का? वडिलांनी पाहिलेलं आणि मी पाहिलेलं एकच ठिकाण, पण ते सांगतात तसा उंच फवारा मला दिसला नाही.

वडील वाढवून सांगत असतील ही शक्यता धरून सुद्धा, ते बरोबर असू शकतात. ज्या लाटांनी भोक पाडलं त्याच ते रुंदावत नेतात. रबरी नळीचं तोंड बोटाने दाबलं तर धार लांब जाते, बोट काढलं की पायाशी पडते. भोक रुंद झालं की तेच होतं. मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ले सुफ्लर हे याचं उदाहरण. झीज झाल्यामुळे तिथला फवारा पूर्वीसारखा उंच जात नाही. पुढे छत कोसळतं आणि उरते नुसती घळ. अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यावर केप परपेचुआपाशी ‘थॉर्स वेल’ नावाची एक विहीर आहे, समुद्र तिच्यात ओतला जातोय असं वाटतं. ती छत कोसळलेली सागरी गुहाच असावी असं मानतात.

माणसानेही एक संपवलं आहे. हवाईच्या काउआई बेटावर स्पाउटिंग हॉर्न नावाचं ब्लोहोल आज लोक बघायला जातात. त्याच्या शेजारी त्याहून कितीतरी मोठं एक होतं. त्याच्या खाऱ्या तुषारांनी जवळचा ऊस जळायचा, म्हणून 1920 च्या दशकात सुरुंग लावून ते फोडून टाकलं. उरलेल्या धाकट्याचा आवाज कण्हल्यासारखा येतो. तिथली जुनी गोष्ट अशी की आत एक राक्षसी सरड्यासारखा प्राणी अडकला आहे आणि तो विव्हळतो. भूशास्त्राची बाई म्हणून मी हवेचं कारण सांगायला हवं. सांगितलं वर. पण तो आवाज ऐकताना सरडाच आठवतो.

प्रश्न : आई 78 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, चालायला काठी लागते. दृष्टीही अधू झाली आहे. तिला नेण्यात अर्थ आहे का, की तिला खोलीवर ठेवून आम्ही जाऊन यावं?

न्या. जागा नीट निवडा, एवढंच. कठडा आणि पक्की वाट असलेली ठिकाणं आहेत. कियामाला दीपगृहाच्या अंगणातून चालत गेल्यासारखं जाता येतं, 1887 चं पांढरं दीपगृह शेजारीच आहे. हालोनाला तर गाडीतळाच्या कडेलाच बघायची जागा आहे. कातळावर उतरायची गरज नाही, उतरूही नये. आईंना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसवा, नाहीतर तुषारांनी गारठतील. अंगावर एक जादा गरम कपडा, काठीच्या टोकाला नवं रबर.

आणि दिसत नसलं तर काय झालं? त्या धाकट्या ब्लोहोलवरून संध्याकाळी मी पुन्हा थोरल्याकडे आले होते. अंधार पडला होता, वाराही फिरला होता. रात्री तिथे दिवे लावतात, पण मी दिव्यांकडे पाठ करून बाकावर बसले. आधी पायाखाली दणका जाणवला, कानाला काही ऐकू येण्याआधी. मग दम भरल्यासारखा हुंकार, मग वरून पाणी कोसळल्याचा सडसडाट, आणि शेवटी ती आत ओढणारी खरखर. मी आकडे मोजले. बारा, चौदा, अकरा, मग बराच वेळ काहीच नाही. जवळ एक अंध बाई मुलीचा हात धरून उभ्या होत्या. त्या प्रत्येक वेळी मुलीच्या अर्धा क्षण आधी म्हणायच्या, ‘आला.’

आईंना विचारा, त्यांना आधी काय कळतं, पायाला की कानाला. मला पत्राने कळवा.